तूर घरची, डाळ विकतची: दरवाढीच्या काळातील हिशेब

तुरीची काढणी साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होते आणि बहुतेकांचा माल महिना-दीड महिन्यात बाजार समितीत जातो. पुढे जून-जुलैत त्याच घरात दुकानातून डाळ येऊ लागते, तीही बियाणे, खते आणि शाळेचा खर्च एकदम अंगावर आलेला असताना. डाळ महागली म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले, असा शहरात समज असतो. पण फेब्रुवारीतच तूर विकून मोकळ्या झालेल्या घराला वाढलेल्या दराचा लाभ मिळत नाही. उलट गिऱ्हाईक म्हणून तो दर मोजावा लागतो.

दर एवढे का हलतात?

बहुतेक तूर कोरडवाहू आहे. पावसाचा खंड, फुलोऱ्यातील ढगाळ हवामान, शेंगा पोखरणारी अळी किंवा मर रोग यांपैकी एकानेही उत्पादन घसरते. देशाची गरज उत्पादनापेक्षा जास्त असल्याने म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी येथून तूर आणावी लागते. मे २०२१ मध्ये ही आयात खुली करण्यात आली. त्यामुळे येथील दर तिकडच्या पिकावरही ठरतो.

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. २०१६ च्या खरिपात पेरा वाढला, पाऊसही साथीला होता, आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारातील दर त्याच्या बऱ्याच खाली आले. २०२३-२४ मध्ये डाळ पुन्हा दीडशेच्या वर होती. गेल्या वर्षीचा दर पाहून यंदाचा पेरा ठरवू नये, एवढे तरी यातून घ्यावे.

घरासाठी किती तूर ठेवावी?

पाच माणसांच्या घरात रोज २०० ग्रॅम तूरडाळ लागते असे धरा. वर्षाला साधारण ७० किलो झाली. गावातील चक्कीवर तुरीपासून ७० टक्क्यांच्या आसपास डाळ मिळते, म्हणजे एक क्विंटल तूर पुरते. मिनी डाळ मिलवर उतारा थोडा अधिक पडतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल अनेक ठिकाणी बचत गट चालवतात. जवळ असेल तर तेथेच डाळ करून घ्यावी.

आता पैशाचे पाहू. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये आहे. या दराने घरच्या डाळीची किंमत किलोला सुमारे ११४ रुपये आणि वर डाळ करण्याची मजुरी. तूर ६,५०० ने विकली जात असेल, तर हीच किंमत ९३ रुपयांवर येते. दुकानात डाळ १५० ला असेल तर ७० किलोचे १०,५०० रुपये होतात. म्हणजे ६,५०० ची तूर विकून तेवढ्याच डाळीसाठी ४,००० रुपये जास्त मोजले. शिवाय चुनी गोठ्यात कामी येते, ती वेगळीच. दर पडलेल्या वर्षी हा फरक फारसा उरत नाही, हेही खरे. तरी घरापुरती तूर ठेवावी, असेच आमचे मत आहे. कारण डाळ महागली की आधी वरण पातळ होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम कडधान्य हवे. वरच्या हिशेबात माणशी ४० ग्रॅमच तूरडाळ धरली आहे. बाकीची भर हरभरा, मूग, मटकीने घालावी लागते.

ज्यांच्याकडे तूर नाही, अशा शेतमजूर कुटुंबांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये चार-पाच घरांनी मिळून गावातूनच अख्खी तूर घ्यावी आणि एकत्र डाळ करून वाटून घ्यावी. विस्तार कर्मचाऱ्यांनी बचत गटाच्या बैठकीत हा हिशेब त्या गावातील चालू दर घालून मांडावा.

देणी असतील तर

उधारी फेडायची असताना माल थांबवा, असा सल्ला देणे सोपे असते. त्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. तूर बाजार समितीमार्फत गोदामात ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. आपली बाजार समिती योजना राबवते का, हे काढणीपूर्वीच विचारून घ्यावे.

साठवण

भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच शेंगांवर येतात. म्हणून तूर कडक उन्हात वाळवून ओलावा ९ ते १० टक्क्यांवर आणावा; दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. भुंगेऱ्याला अख्खा दाणा अधिक मानवतो, त्यामुळे घरची तूर उन्हाळ्यातच डाळ करून ठेवलेली बरी. कोठी किंवा डबा स्वच्छ, कोरडा आणि घट्ट झाकणाचा असावा. अख्खी तूर ठेवलीच तर पंधरा दिवसांनी पाहावी; दाण्यावर पांढरे ठिपके किंवा गोल छिद्रे दिसताच ती चाळून, वाळवून लगेच डाळीला द्यावी.