मेढ्याखालची जमीन, कोयनेचा भूकंप आणि फोनमधला अलर्ट

मी मूळचा मेढ्याचा. आमच्याकडे जुनी माणसं अजून "भूकंपाच्या आधी का नंतर?" असं विचारून वय काढतात. भूकंप म्हणजे कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, तीव्रता ६.३. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर भुईसपाट झालं.

भारताची प्लेट वर्षाला साधारण ५ सेंमी ईशान्येकडे सरकते, म्हणजे नखं वाढतात त्याहून थोडी जास्त. १९६७ पासून आपण जवळपास ३ मीटर सरकलोय. फोनच्या जीपीएसला कळणारही नाही, कारण त्याची स्वतःचीच चूक तेवढी असते! ही प्लेट तिकडे आशियाला धडकते, त्यातून हिमालय उचलला जातो आणि दाब इथल्या खडकापर्यंत येतो. वर दिसतो तो काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्याखाली जुन्या भेगा आहेत. दाब वर्षानुवर्षं साठतो आणि भेग काही सेकंदांत सरकते.

मग कोयनेलाच का? १९६० च्या दशकात शिवसागर भरू लागला आणि छोटे धक्के सुरू झाले. पाण्याचं वजन, शिवाय भेगांत मुरलेलं पाणी. त्यामुळे घट्ट बसलेल्या भेगेची पकड सैल होते. धरणाने भूकंप "बनवला" असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. ताण आधीच होता, पाण्याने ट्रिगर दाबला. याच अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात ३ किमी खोल बोअर घेतलंय.

आता फोन. अँड्रॉइडचा भूकंप अलर्ट भारतात २०२३ मध्ये आला. स्क्रीन फिरवणारा अ‍ॅक्सेलरोमीटरच इथे कामाला येतो. स्थिर पडलेल्या अनेक फोनना एकदम हादरा जाणवला की सर्व्हर अंदाज बांधतो. पहिली पी लाट सेकंदाला सुमारे ६ किमी धावते, नुकसान करणारी एस लाट सुमारे ३.५ किमी. कोयनानगर ते मेढा सरळ रेषेत साधारण ४० किमी, म्हणजे दोन्हींत फरक जेमतेम ५ सेकंदांचा. त्यातही हिशोबाला वेळ जातो. मेढ्याला अलर्ट कदाचित हादऱ्याबरोबरच येईल, पुण्याला मात्र थोडा आधी मिळू शकतो. तरी सेटिंग्स, मग सेफ्टी अँड इमर्जन्सी, मग अर्थक्वेक अलर्ट्स इथे जाऊन तो चालू ठेवा. नेट आणि लोकेशनही चालू लागतं. अलर्ट वाजला तर जिन्याकडे पळू नका, मजबूत टेबलाखाली शिरा आणि पाय घट्ट धरा.