निवटीला खोत नव्हता

खारेपाटाच्या लिहिलेल्या इतिहासात भात आहे, मीठ आहे, खोत आहे, संप आहे. निवटी, ही खाडीच्या चिखलातली मासळी, कुठेच नाही. मला ती तिथे हवी आहे. 1933 ते 1939 या काळात चाललेला चरीचा शेतकरी संप जेवढा सभांनी तगवला, तेवढाच बांधापलीकडच्या चिखलाने तगवला, असं माझं ठाम मत आहे.

अलिबागच्या या पट्ट्यात बांध घालून खाडीचं खारं पाणी अडवलं आणि आत भात पिकवलं. जमीन खोताची, घाम कुळाचा, फुटलेला बांध पुन्हा घालायचे कष्टही कुळाचेच. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीसह 25 गावांनी शेतं कसायचं थांबवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. 1937 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. हे सगळं पुस्तकांत सापडतं. त्या वर्षांत चुलीवर काय शिजत होतं, ते मला आजीकडून कळलं.

ओहोटी लागली की बायका गुडघाभर गाळात उतरत. निवटीच्या बिळाला एकाहून जास्त तोंडं असतात. एकावर पाय दाबून ठेवायचा आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. मासा बुळबुळीत, डोळे डोक्याच्या वर, पाण्याबाहेरही टुणटुण उड्या मारणारा. पकड जरा सैल झाली की गेला. घरी आणून राखेत चोळायचा, चार पाण्यांनी धुवायचा, मग लसूण, मिरची, चिंच घालून कालवण. तेल संपलेलं असेल त्या दिवशी नुसतं मीठ-मिरची. टोपलीत उरेल ते बाजारात जायचं, आणि त्या पैशाचे तांदूळ यायचे. पिढ्यान्पिढ्या भात पिकवणाऱ्या घरांनी तांदूळ विकत आणले, पण खोतापुढे हात पसरला नाही. बांधाच्या आतल्या दाण्यावर खोताचा हक्क होता, बाहेरच्या निवटीवर कुणाचाच नव्हता. संपाचं बळ मला इथे दिसतं.

निवटी गाळावरचं शेवाळ खरवडून खाते, त्यामुळे गाळ गेला की तीही गेली. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1837 साली तिची नोंद केली, तिला द्युसुमिए या दर्यावर्दी व्यापाऱ्याचं नाव दिलं. जपानमधल्या आरिआके समुद्राच्या काठी तिची सख्खी बहीण, मुत्सुगोरो, भाजून खातात. तिथल्या इसाहाया उपसागराचं तोंड 14 एप्रिल 1997 रोजी 293 पोलादी पत्रे सोडून बंद केलं गेलं, आणि आतला चिखल सुकला.

आपल्याकडे खाजणांवर भराव पडत राहिले. चिखलाला सातबारा नाही, म्हणून तो गेल्याचा मोबदला कुणी मागायचा, हा प्रश्न लोकांना वर्षानुवर्षं छळत राहिला. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरतीच्या पाण्यावर आणि गाळावर जगणाऱ्यांची उपजीविकाही मोजता येते, हे तेव्हा कागदावर आलं.

तुमच्या घरी खारेपाटातली, उरण-पनवेलकडची एखादी म्हातारी असेल तर तिला विचारा, ती निवट्या काढायला कुठल्या खाजणात जायची, सोबत कोण असायचं, टोपली कुठल्या बाजारात न्यायची. तिचं उत्तर तारखेसकट लिहून ठेवा.