यूट्यूबच्या कमाईवर अमेरिकेचा टॅक्स: फॉर्ममध्ये काय निवडायचं?

परभणीत बसून सोयाबीनच्या फवारणीचे व्हिडिओ टाकणाऱ्या माणसाचा अमेरिकेच्या टॅक्सशी काय संबंध? संबंध आहे. अमेरिकेत बसून तुमचा व्हिडिओ कोणी पाहिला, तर त्या व्ह्यूजच्या कमाईवर तिथला टॅक्स लागतो. जून २०२१ पासून गूगल तो आधीच कापून घेतं. किती कापायचा, हे मात्र अॅडसेन्समध्ये तुम्ही काय निवडता त्यावर ठरतं.

समजा महिन्याची कमाई १,००० डॉलर आहे आणि त्यातले १०० डॉलर अमेरिकन प्रेक्षकांकडून आले. टॅक्सची माहिती भरलीच नाही, तर एकूण कमाईच्या २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४० डॉलर जाऊ शकतात. माहिती भरली पण भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला नाही, तर १०० डॉलरवर ३० टक्के, म्हणजे ३० डॉलर. करार निवडला तर १५ टक्के, म्हणजे फक्त १५ डॉलर. माझ्या एका मित्राने घाईत कराराच्या प्रश्नाला ‘नाही’ केलं आणि कित्येक महिने दुप्पट टॅक्स भरला!

व्यक्तीसाठीचा फॉर्म म्हणजे डब्ल्यू-८बेन. ‘फॉरेन टिन’ विचारलं की पॅन नंबर टाका. नाव पॅनवर जसं आहे तसंच लिहा, चॅनेलचं नाव नको. हा फॉर्म कायमचा नसतो. सही केलेलं वर्ष आणि त्यापुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो, मग पुन्हा भरावा लागतो.

‘पैसा परदेशातून आलाय, तिकडे टॅक्स कापलाय, मग इथे कशाला दाखवायचा?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मोठ्या कंपन्यांना असा पर्याय काही ठिकाणी मिळतो. कॅलिफोर्निया राज्यात बहुराष्ट्रीय कंपनी-समूहाचं जगभरातलं उत्पन्न एकत्र धरून त्यातला राज्याचा वाटा काढतात. पण १९८८ पासून ‘वॉटर्स एज’ नावाची निवड करता येते. ती केली की परदेशी कंपन्यांचं बहुतेक उत्पन्न हिशेबाबाहेर राहतं. मात्र एकदा निवडलं की ८४ महिने त्यातच राहायचं. तुम्हाआम्हाला अशी सोय नाही. भारतातल्या रहिवासी माणसाला जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावंच लागतं.

आणि दाखवताना पूर्ण १,००० डॉलर दाखवायचे, हातात आलेले ९८५ नव्हे. कापलेल्या १५ डॉलरचं क्रेडिट मागता येतं. त्यासाठी फॉर्म ६७ ऑनलाइन भरायचा आणि कपातीचा पुरावा जोडायचा. रिटर्नही असा निवडा ज्यात परदेशी उत्पन्नाचे रकाने आहेत. धंद्याच्या उत्पन्नासाठी तो आयटीआर-३. साधा आयटीआर-४ इथे चालत नाही. पहिल्या वर्षी मी फॉर्म ६७ विसरलो होतो, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

एक कडू गोष्टही माहीत असू द्या. अमेरिकेत कापलेला टॅक्स आणि त्याच उत्पन्नावरचा भारतातला टॅक्स, यात जो कमी असेल तेवढंच क्रेडिट मिळतं. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सवलतीमुळे टॅक्स शून्य होतो. मग क्रेडिटही शून्य, आणि अमेरिकेत गेलेले १५ डॉलर गेलेच. लहान चॅनेलवाल्यांना हा फटका बसतोच. ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के कापून घेणं एवढंच आपल्या हातात आहे.

जीएसटीबद्दल थोडक्यात: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सेवांसाठी सहसा नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात, नोंदणी केली आणि तुमचं काम सेवांच्या निर्यातीत बसत असेल, तर ‘एलयूटी’ भरा. त्यामुळे आयजीएसटी न भरता निर्यात करता येते. ते दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं असतं. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या कमाईसाठी कलमांचे आणि फॉर्मचे नंबर पोर्टलवर तपासूनच घ्या. वर दिलेले २०२५-२६ पर्यंतच्या कमाईचे आहेत.