बॅचलर पार्टी, झाप आणि नागनिकेचा हिशोब

आमच्या ग्रुपमधला शेवटून दुसरा गडी मे महिन्यात बोहल्यावर चढतोय. (शेवटचा कोण ते विचारू नका.) त्यामुळे त्याला बॅचलर पार्टी देणं आलं. गोवा, अलिबाग, लोणावळ्याचा बंगला वगैरे सगळं दोन आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर दळून झालं. शेवटी नवरदेवच वैतागून म्हणाला, "डीजे नको, स्विमिंग पूल नको. जिथे फोन लागत नाही तिथे न्या मला." म्हणून फेब्रुवारीतला एक वीकेंड पकडून आम्ही पाच जण नाणेघाटात गेलो.

फोनचा एवढा राग का, तर घरी वाद पेटला होता. विषय नावाचा. मुलीने सांगितलं होतं की लग्नानंतर मी नाव बदलणार नाही, आडनाव तर नाहीच. इकडे आईचं म्हणणं, तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायचं ही आपली रीत आहे, पूर्वापार चालत आलेली. पत्रिकेचं प्रूफ प्रेसमध्ये अडकलेलं. आणि आमचा हिरो, जो ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर पडला तरी शांतपणे चहा पितो, तो या प्रकरणात पार पीठ झाला होता.

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची, वैशाखरे गाव गेलं की उतरायचं, आणि जंगलातून चढायला लागायचं. अडीच-तीन तासांचं काम. अर्ध्या वाटेपासून दगडी पायऱ्या आणि फरसबंदी लागते. ही वाट ट्रेकर लोकांसाठी केलेली नाही बरं का! दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नर आणि पुढे पैठणकडे जायचा तो इथून. म्हणजे सातवाहनांचा हायवेच हा. त्याच्यावर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले नंतर उभे राहिले. घाटमाथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सगळे दाखवतात. कुणी म्हणेल तो पाण्याचाही असू शकतो, पण टोलनाका म्हटलं की फोटो काढायला मजा येते, त्यामुळे मी वाद घालत नाही.

राहायची सोय घाटघरच्या अलीकडे एका झापात होती. झाप म्हणजे शेतावरची कुडाची झोपडी, वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन. वीज नाही, नळ नाही, नेटवर्क नाही. मालक एक म्हातारे बाबा. आम्ही आधी लेण्यातच पथाऱ्या टाकायच्या बेतात होतो, जुन्या ट्रेकिंगच्या वर्णनांत सगळे तसंच करतात. बाबा म्हणाले, "लेण्यात नका झोपू. चुली पेटवून पेटवून पोरांनी पार काळं केलंय ते. बसा, बघा, आन् इकडं या जेवायला." ऐकलं ते बरं झालं. ते लेणं म्हणजे संरक्षित स्मारक आहे, तिथे चूल मांडणं हा नुसता मूर्खपणा नाही, गुन्हाही आहे.

आता थोडं विषयांतर. बॅचलर पार्टी ही साहेबाची भानगड, आपल्यात असलं काही नव्हतं, असं वाटत असेल तर सोडमुंज आठवा. लग्नाआधी ब्रह्मचर्याश्रम संपवायचा विधी, त्याला समावर्तन म्हणतात. त्यात मुलगा मी काशीला निघालो म्हणून चालू लागतो आणि मामा त्याला अडवून मुलगी द्यायचं कबूल करतो. संसाराला लागायच्या आधी एकदा पळून जायचं नाटक करायचं, आणि कुणीतरी परत आणायचं. आम्ही काय वेगळं करत होतो? फक्त काशीऐवजी नाणेघाट, आणि मामाऐवजी आम्ही चार टवाळ.

असो. लेण्याकडे येऊ.

घाटाच्या अगदी तोंडाशी, साधारण तीस फूट चौरस अशी एक खोली कातळात कोरलेली आहे. तीन बाजूंना बसायला दगडी बाक. बौद्ध भिक्षूंच्या विहारासारखं दिसतं, पण आत भिक्षूंच्या कोठड्या नाहीत आणि चैत्यही नाही. मागच्या भिंतीवर एका राजघराण्याचे पुतळे होते. होते म्हणायचं, कारण आता कुठेकुठे पावलांच्या खुणा उरल्यात. प्रत्येक पुतळ्याच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव कोरलेलं. आणि डाव्या-उजव्या भिंतींवर दहा-दहा ओळींचा एक लांबलचक लेख. काळाबद्दल अभ्यासकांत भांडण आहे. जुने लोक इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक म्हणायचे, आता बरेच जण पहिल्या शतकावर आलेत.

१८२८ साली विल्यम हेन्री साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. हा गडी मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी होता, पुढे लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाला. आकड्यांच्या माणसाला आकड्यांचा लेख सापडावा हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. त्याला मात्र ते आकडे वाचता आले नाहीत. ते उलगडले १८७०च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचा हा माणूस, कुठल्या विद्यापीठात शिकलेला नाही. पण नाणेघाटावरचा त्यांचा निबंध आजही भारतीय अंकांच्या इतिहासात पहिल्या पानांवर येतो.

कारण या भिंतीवरचे अंक आपल्या २, ४, ६, ७, ९ यांच्या पूर्वजांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी आहेत. गंमत अशी की शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभरला, हजारला वेगळी. चारशे लिहायचे तर शंभरच्या खुणेला चार चिकटवायचा, चार हजार लिहायचे तर हजारच्या खुणेला चार. म्हणजे २४,४०० लिहायला वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन जोडखुणा पुरतात. ६,००१ ला तर दोनच, सहा हजारची एक आणि शेवटी एक आडवी रेघ. मधली दोन शून्यं लिहायचा प्रश्नच येत नाही. मी टॉर्च धरून बाकीच्यांना हे समजावत होतो तेव्हा दोघं जांभया देत होते, पण चालायचंच.

आकडे कसले? यज्ञांच्या दक्षिणेचे. हा लेख लिहवणारी एक राणी आहे. लेखाच्या मजकुरात तिचं नाव शिल्लक नाही, पण बहुतेक अभ्यासक तिला नागनिका मानतात. तिचा नवरा सातकर्णी, दक्षिणापथाचा स्वामी. लेख लिहिला तेव्हा तो हयात नव्हता असं मानतात. आणि ही बाई दोघांनी मिळून केलेले यज्ञ एकेक करून नोंदवते. अश्वमेध, राजसूय आणि कितीतरी. एके ठिकाणी १०,००१ गायी दिल्या. एके ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे. एकदा एक उत्तम गाव आणि २४,४०० कार्षापण, वर बघायला आलेल्यांना नि सेवकांना ६,००१. अधूनमधून भिंत फुटलीय, तिथे नुसताच आकडा उरलाय, कशाचा ते गेलं.

"१०,००१ का? दहा हजार का नाही?" नवरदेवाने विचारलं. त्याच्या घरी त्या आठवड्यात आहेराच्या पाकिटांवर एकेक रुपयाचं नाणं चिकटवायचं काम चालू होतं. आम्ही सगळे एकदम हसलो. आता तो वरचा एक आणि आपल्या १,००१ मधला एक यांचं खरंच नातं आहे का हे मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या अंधारात ते पटकन पटलं हे खरं.

राणी स्वतःबद्दलही थोडं सांगते. महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनी झालेली आणि ब्रह्मचर्य पाळणारी. ब्रह्मचर्य! आम्ही इथे एकाचं ब्रह्मचर्य संपायचं म्हणून चकण्याची पाकिटं घेऊन आलो होतो, आणि भिंतीवरची बाई संसार आटोपल्यावर ते पुन्हा सुरू करून बसलेली. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मग मी वा. वि. मिराशींच्या पुस्तकाचं झेरॉक्स काढलं (हो, मी पार्टीला झेरॉक्स नेतो) आणि पुतळ्यांची नावं वाचायला घेतली. पहिला सिमुक सातवाहन, घराण्याचा मूळपुरुष. त्याच्या पुढे एकच मथळा दोघांसाठी, देवी नागनिकेचा आणि राजा श्री सातकर्णीचा. राणीचं नाव आधी, राजाचं नंतर. मग राजकुमार. आणि या सगळ्यांच्या मध्ये आणखी एक माणूस उभा आहे, महारठी त्रनकयिर. राणीच्या लेखात ती स्वतःला अंगिय कुळातल्या महारठीची मुलगी म्हणवते, तेव्हा हा तिचा बाप असं धरतात. म्हणजे सासरच्या फॅमिली फोटोत व्याही! तोही कोपऱ्यात नाही, लग्नाच्या फोटोसारखा मागे उभा नाही, रांगेत.

आणि हा फोटो कुठे लावलाय ते बघा. राजवाड्यात नाही. रोज शेकडो बैल आणि व्यापारी जिथे धापा टाकत वर पोचतात आणि दम खायला टेकतात, तिथे. आजच्या भाषेत टोलनाक्यावरचा फ्लेक्स. जुन्नर भागातला हा महारठी बहुधा वजनदार असामी असणार आणि घाट ताब्यात ठेवायला सातवाहनांना त्याची गरज असणार. त्यामुळे हा स्त्रियांचा सन्मान वगैरे नसून सरळ राजकारण आहे असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. चांदीच्या नाण्यांवरही सातकर्णीबरोबर तिचं नाव सापडलंय, त्यामागेही तेच असेल. पण राजकारणासाठी का होईना, सुनेचं माहेर पुसायची गरज कुणाला वाटली नाही. उलट ते कातळात कोरून ठेवलं. पुढच्या सातवाहन राजांनी तर आईवरून नावं लावली, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. म्हणून तिथे मातृसत्ता होती असं मात्र समजू नका. गादी बापाकडून मुलाकडेच जायची.

नवरदेव बराच वेळ त्या मथळ्याच्या खाली उभा होता. मग म्हणाला, "म्हणजे आई म्हणते ती पूर्वापार पद्धत नक्की किती पूर्वापार?" मी म्हटलं, बाबा रे, मी इंजिनियर आहे, तांदळाच्या ताटाचा इतिहास मला विचारू नकोस. एवढं खरं, की या भिंतीवर तरी ती पद्धत दिसत नाही.

त्या मथळ्यांच्या आजूबाजूला आपल्या पिढीनेही नावं लिहिलीत. ऑइलपेंटने, खिळ्याने, बदाम काढून. त्यातल्या एकाचंही नाव वाचावंसं वाटलं नाही.

रात्री झापात पिठलं-भाकरी आणि ठेचा. एकच कंदील. पॉवर बँक दहा वाजता मेली आणि त्याबरोबर ब्लूटूथ स्पीकरही, त्यामुळे पार्टीचा संगीत विभाग तिथेच आटोपला. बाबा बाहेर बाजेवर बसून आमच्याकडे बघत होते. "लग्नाआधी असं डोंगरात येत्यात व्हय आता?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं. "आमी लग्नानंतर आलो," ते म्हणाले, "आन् इथंच ऱ्हायलो." नवरदेव एवढा हसला की त्याला ठसका लागला. महिनाभरात पहिल्यांदा हसताना बघितला.

सकाळी पाणी भरायला लेण्याजवळच्या टाक्यांवर गेलो. कातळात खोल कोरलेली ही टाकी पावसाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यातही थंडगार पाणी देतात. पंप नाही, पाइप नाही. लेखांत यांना पोढी म्हणतात. इथल्या एका पोढीवर दात्याचं नाव आहे, सोपाऱ्याचा गोविंददास. आमच्यातला एक नालासोपाऱ्याला राहतो आणि रोज विरार लोकल पकडतो. त्याला जेव्हा कळलं की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावचा एक माणूस इथवर येऊन तहानलेल्यांसाठी टाकं कोरून गेला, तेव्हा तो इतका फुशारला की उतरेपर्यंत आमच्या सगळ्यांच्या बाटल्या त्यानेच भरल्या. "आमच्या गोविंददासाचं पाणी आहे, प्या," करत. (आम्ही तरी क्लोरीनच्या गोळ्या टाकल्याच.)

घाटाच्या कडेला, नानाच्या अंगठ्यापाशी आलो तर अचानक सगळ्यांचे फोन किणकिणायला लागले. कोकणातल्या कुठल्यातरी टॉवरची रेंज. नवरदेवाच्या फोनवर चौदा मिस्ड कॉल, त्यातले नऊ प्रेसवाल्याचे. तो जरा बाजूला जाऊन उभा राहिला. वारा होता तरी ऐकू येत होतं.

"हॅलो, हां काका, पत्रिकेचं प्रूफ... नाही, अजून छापू नका. नावात एक बदल आहे. नाही नाही, माझ्या नाही. तिचं आहे तेच ठेवायचं, आडनावासकट. आणि ते आधी घ्या, माझं खाली... हो, आईशी मी बोलतो."

आईशी बोलायला मात्र तो वैशाखऱ्यात एसटीची वाट बघताना बसला. पाऊण तास बोलत होता. दोन एसट्या सोडल्या आम्ही.