नाकारलेला शब्द

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दहावी दुरुस्ती म्हणजे अवघे एक वाक्य. जे अधिकार घटनेने संघराज्याला दिलेले नाहीत आणि राज्यांना मनाई केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राखीव, एवढाच त्याचा आशय. (आपल्याकडे नेमके उलट आहे, उर्वरित अधिकार कलम २४८ ने संसदेला दिले.) मला मात्र त्या वाक्यात नसलेल्या एका शब्दाने अधिक गुंतवले. तो शब्द ‘स्पष्टपणे’.

आधी तो होता. १७८१ मध्ये अमलात आलेल्या संघ-करारानुसार ‘स्पष्टपणे’ सोपवलेले तेवढेच अधिकार काँग्रेसला होते. कर बसवण्याचा अधिकार त्यात नव्हता. युद्धाचे कर्ज डोक्यावर आणि पैशासाठी राज्यांपुढे हात पसरायचे, अशी तिची अवस्था होती. नवी घटना आली ती यातून सुटण्यासाठी. तरीही १७८९ च्या ऑगस्टमध्ये दुरुस्त्यांवर चर्चा चालू असताना दक्षिण कॅरोलायनाचे थॉमस टकर यांनी तो शब्द पुन्हा घालण्याची सूचना मांडली. जेम्स मॅडिसन यांनी विरोध केला. बारीकसारीक प्रत्येक गोष्ट घटनेत लिहायची नसेल, तर काही अधिकार गृहीत धरावेच लागतील, असे त्यांचे म्हणणे. तीनच दिवसांनी एल्ब्रिज गेरी यांनी तीच सूचना पुन्हा आणली; ती १७ विरुद्ध ३२ मतांनी फेटाळली गेली. १८१९ च्या मॅककलॉक खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी या वगळण्यावर आवर्जून बोट ठेवले आणि घटनेत बँकेचा उल्लेख नसतानाही काँग्रेसला बँक काढता येते, असा निर्णय दिला.

येथे प्रकरण मिटायला हवे होते.

१९१६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की, चौदा वर्षांखालील मुले ज्या कारखान्यात राबतात, तिथला माल राज्याबाहेर पाठवता येणार नाही. चौदा ते सोळा वयाच्या मुलांना दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे रोलंड डॅगनहार्ट आणि त्यांची रूबेन व जॉन ही दोन मुले एका कापड गिरणीत कामाला होती. बापानेच कायद्याविरुद्ध दावा लावला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. निकालाचा मुख्य आधार असा की उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, आणि उत्पादनाचे नियमन राज्यांचे. पण राज्यांचे राखीव अधिकार सांगताना न्यायमूर्ती डे यांनी लिहिले, संघराज्याला ‘स्पष्टपणे’ न दिलेले अधिकार राज्यांचे. जवळपास एकशेतीस वर्षांनी, सभागृहाने मत घेऊन बाहेर ठेवलेला शब्द असा निकालपत्रातून आत आला. हे अनवधानाने झाले की कसे, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. चार न्यायाधीशांच्या वतीने भिन्नमत लिहिणाऱ्या होम्स यांचा भर व्यापाराच्या अधिकारावर होता.

काही वर्षांनी एका पत्रकाराने रूबेनला गाठले. तोवर तो संसारी झाला होता; वजन १०५ पौंड, म्हणजे जेमतेम ४८ किलो, आणि शिक्षण नाही. खटला जिंकून आपल्याला काय मिळाले, याचा हिशेब त्याने कडवटपणे मांडला.

१९४१ मध्ये डार्बी खटल्यात न्यायालयाने तो निकाल एकमताने मोडीत काढला. जे दिले नाही ते राहिले, यापलीकडे दहावी दुरुस्ती काही सांगत नाही, असे न्यायमूर्ती स्टोन यांनी लिहिले.