नेत्रशस्त्रक्रियेतील हस्तोपकरणे

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन बोटांत धरून वापरतात ती उपकरणे : चिमटे, सुऱ्या, कात्र्या, हुक, शलाका आणि पोकळ नळ्या. सूक्ष्मदर्शक, लेझर आणि विजेवर चालणारी यंत्रे यांत मोडत नाहीत. वर्धा जिल्ह्यातील पवनार व भोवतालच्या गावांतील माणसाला ही उपकरणे भेटतात ती मुख्यतः मोतीबिंदूच्या निमित्ताने. त्यासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा पवनारच्या विनोबांचे नाव लाभलेले सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही जवळची ठिकाणे होत. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली खेड्यांसाठी डॉक्टर घडवावेत या हेतूने सुरू केले.

घडण : बहुतेक उपकरणे १० ते १२ सेंमी. लांबीची असून पेनासारखी धरतात. बहुतेक कात्र्यांना बोटे घालायच्या कड्या नसतात; दोन पात्यांमागे स्प्रिंग असते, दाबले की पाती मिटतात, सोडले की उघडतात. सुई धरण्याचा चिमटा कित्येक सर्जन मुद्दाम बिनकुलपाचा घेतात, कारण कुलूप सुटताना बसणारा बारीकसा झटकाही डोळ्याच्या आत पोहोचतो. सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात चकाकी येऊ नये म्हणून पृष्ठभाग मंद ठेवतात. टायटॅनियमची उपकरणे हलकी असतात व गंजत नाहीत. पोलादाचे पाते धार अधिक धरते. एवढ्या नाजुकपणाचे कारण डोळ्याच्या मापांत आहे. बुबुळाचा पारदर्शक पडदा मध्यभागी सुमारे अर्धा मि.मी. जाड असतो, तर भिंगाच्या पिशवीची मागची बाजू मि.मी.च्या काही सहस्रांशांइतकीच. टोकावर न दिसणारा खरखरीतपणा राहिला तरी ही पिशवी फाटू शकते.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूसाठी वापरायच्या शलाकेचे वर्णन आहे. ती आठ अंगुळे लांब, मधोमध दोरा गुंडाळलेली, दोन्ही टोकांना कळीच्या आकाराची आणि तांबे, लोखंड किंवा सोने यांची असावी, असे तेथे सांगितले आहे. दोरा गुंडाळला की घामट बोटांतून शलाका निसटत नाही. आजच्या उपकरणांच्या दांड्यावरील खरखरीत नक्षी हेच काम करते. त्या काळच्या पद्धतीत गढूळ भिंग बाहेर काढत नसत, नजरेच्या वाटेतून बाजूला सारत. ते छेद घेऊन बाहेर काढण्याची सुरुवात फ्रान्सच्या झाक दाविएल यांनी १७४७ च्या सुमारास केली. पुढे जर्मनीच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांची अरुंद, लांब सुरी जगभर गेली. तिची धार ताणून बसवलेल्या पातळ कातड्यावर टोचून पाहत. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि भिंग धरायचे, फिरवायचे चिमटे व हुक यांची नवी जात त्यातून निघाली.

बिनटाक्याच्या मोतीबिंदूचा संच : चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणलेल्या फेको (अतिध्वनी लहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याच्या) पद्धतीला महागडे यंत्र लागते. लहान छेदाच्या हातपद्धतीचे मात्र बहुतेक सगळे काम एका ट्रेमध्ये मावते. पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूत, आणि खेड्यांतून येणारे पुष्कळ रुग्ण तसेच असतात, निष्णात हाताला हा ट्रे यंत्राइतकेच चांगले फळ देतो. म्हणून ग्रामीण नेत्रसेवेत त्याचे स्थान दुय्यम मानणे चुकीचे आहे.

तारेच्या स्पेक्युलमने पापण्या उघड्या ठेवतात. वरच्या स्नायूखालून रेशमी दोरा ओवून डोळा खाली वळवतात. कात्रीने वरचे पातळ आवरण सोडवल्यावर कॅलिपरने मोजून, बुबुळाच्या कडेपासून दीड-दोन मि.मी. मागे, पांढऱ्या भागावर सहा-साडेसहा मि.मी.ची अर्धवट खोलीची खाच घेतात. तिची दोन्ही टोके बुबुळापासून दूर वळलेली असतात. मग क्रेसेंट नावाची अर्धवर्तुळाकार सुरी येते. ती टोचत नाही, थरांमधून सरकत बुबुळात सुमारे एक मि.मी.पर्यंत बोगदा करते. सुरी उथळ गेली तर बोगद्याचे छत फाटते, खोल गेली तर वेळेआधीच डोळ्यात उतरते. पात्याचे पोलाद थरातून धूसर दिसत राहिले पाहिजे, हा शिकाऊ डॉक्टरांना पहिला धडा. शेवटी केराटोम या टोकदार सुरीने आत शिरून बोगद्याचे आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद करतात. डोळ्याच्या आतल्या दाबाने हा बोगदा आपोआप मिटतो. टाका लागत नाही तो यामुळे.

भिंगाची पिशवी उघडणारे सिस्टोटोम हे संचातले सर्वांत स्वस्त उपकरण. २६ गेजच्या साध्या इंजेक्शनच्या सुईचे टोक सर्जन स्वतः, तिथल्या तिथे, चिमट्याने काटकोनात वाकवतात. सिन्स्की हुकने कडक गाभा फिरवून पुढच्या कप्प्यात आणतात आणि व्हेक्टिस नावाच्या तारेच्या कड्यावर घेऊन बाहेर काढतात. नेपाळमधील ‘लहान’ या गावी आल्ब्रेख्ट हेनिग यांनी या कामासाठीही सुईच गळासारखी वाकवून वापरली. उरलेला मऊ गर सिम्को कॅन्युलाने धुऊन काढतात : हिच्या एका नळीतून पाणी आत जाते, दुसरीतून गर बाहेर येतो. मॅकफर्सन चिमट्याने कृत्रिम भिंग बसवले की काम संपत आले.

अशीच साधने घेऊन तेव्हा जे.जे. रुग्णालयात असलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी मोतीबिंदूची शिबिरे घेतली. शाळा-धर्मशाळांत टेबल मांडून शस्त्रक्रिया करण्याची जुनी रीत मात्र मागे पडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत चाललेल्या अंधत्व नियंत्रण प्रकल्पात महाराष्ट्र होता. तेव्हापासून गावात तपासणी आणि रुग्णालयात शस्त्रक्रिया हा क्रम रुळला.

निगा : बिघाड बहुधा पोकळ नळ्यांतून येतो. कॅन्युलात साबणाचा किंवा जेलचा अंश वाळून राहिला तर पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात जंतूंशिवायही तीव्र दाह होतो. म्हणून प्रत्येक नळी वापरल्याबरोबर शुद्ध पाण्याने भरपूर धुवावी लागते. टोकांना सिलिकॉनची टोपणे घालून, उपकरणे एकमेकांवर न ठेवता ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करतात. चिमट्याचे दात जुळतात का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी परिचारिका शस्त्रक्रियेच्या यशात बरोबरीची वाटेकरी असते.

इतर उपकरणे : अश्रुमार्गासाठी बोमनच्या सळ्या, तिरळेपणासाठी स्नायूचा हुक, पापणीच्या गाठीसाठी क्लॅम्प व खरवडणी. कापूस, तूर व सोयाबीन पिकवणाऱ्या या भागात आणखी एक साधन रोज लागते : बुबुळात रुतलेले कुसळ उचलण्याचा स्पड किंवा बारीक सुई. पऱ्हाटी, तुराटी किंवा कुसळ डोळ्याला लागले तर बुबुळावर बुरशीचा व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. डोळ्यात रुतलेले कुसळ घरच्या चिमट्याने वा पदराच्या टोकाने काढू नये, दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.