प्रतिनिधी कुणाचा? वरच्याचा की खालच्यांचा?

डिसेंबरात नगरपरिषदांचं मतदान झालं, जानेवारीत महापालिकांचं. गुलाल धुतला गेला, बॅनर मात्र अजून उतरायचे आहेत. आणि एवढ्यातच चहाच्या टपरीवर एक वाक्य ऐकू यायला लागलंय. "प्रशासक होता तेच बरं होतं राव. निदान रोजची भांडणं तरी नव्हती."

हे वाक्य बोलणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. त्यांनी टक्केवारी पाहिली आहे. सभागृहात माइक उखडताना पाहिलेत. नगरसेवकाचा भाऊ ठेकेदार आणि मेहुणा पुरवठादार, हेही पाहिलंय. त्यामुळे एखादा कडक अधिकारी येऊन अतिक्रमण काढतो, वेळेवर पाणी सोडतो, तेव्हा माणसाला वाटणारच की निवडणुकीची भानगड हवीच कशाला?

पण या प्रश्नाचं उत्तर आपल्या आधीच्या चार-पाच पिढ्यांनी बरीच किंमत मोजून शोधलेलं आहे. म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात 'प्रतिनिधी' या शब्दापासूनच करू. मराठी राज्यात हे एक पद होतं. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला होते, महाराष्ट्रात मोगलांशी लढाई चालू होती. त्या काळात हे पद निर्माण झालं आणि प्रल्हाद निराजी यांना मिळालं. पुढे ते परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात वंशपरंपरेने गेलं. तेच औंधचे पंतप्रतिनिधी. हा प्रतिनिधी राजाचा होता. राजाने नेमायचा, राजाला जाब द्यायचा. रयतेने त्याला नेमलेलं नव्हतं आणि रयत त्याला काढूही शकत नव्हती.

म्हणजे प्रतिनिधी दोन प्रकारचे. एकाला वरून नेमतात, तो वरच्याला उत्तर देतो. दुसऱ्याला खालून निवडतात, तो खालच्यांना उत्तर देतो. माणूस चांगला की वाईट, हा नंतरचा प्रश्न. आधी बघायचं की त्याचं तोंड कुणीकडे आहे.

इंग्रजांच्या नगरपालिका सुरू झाल्या त्या पहिल्या प्रकारच्या होत्या. कलेक्टर अध्यक्ष आणि सरकारने नेमलेले सभासद. पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षं महात्मा जोतीराव फुले असेच सरकारनियुक्त सभासद होते. आणि नेमलेले असूनही त्यांनी काय केलं बघा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला आणि मानपत्राला पैसे खर्च करायचं ठरलं. फुल्यांनी विरोध केला. लोकांच्या कराचा पैसा असा उधळण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची भूमिका. वस्तीत वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेकडे आवाज उठवला.

याचा अर्थ नेमलेला माणूसही लोकांचा असू शकतो. पण तो फुले असावा लागतो! आणि दर वेळी फुले सापडतीलच, या भरवशावर गावाचा कारभार चालत नाही.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. निवडून आलेले सभासद असावेत, बिनसरकारी लोकांचं बहुमत असावं, कारभार शिकताना लोकांना राजकीय शिक्षण मिळावं, असा त्याचा आशय. आपल्याकडचे १८८४ चे नगरपालिका आणि लोकल बोर्डाचे कायदे त्यातूनच आले. पण मत कुणाला? जो ठरावीक कर भरतो, ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याला. म्हणजे गटार ज्याच्या दारातून वाहत होतं त्याला मत नाही आणि गटार कुठून काढायचं ते ठरवणाऱ्याला मत.

या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. जानेवारी १९१९, साउथबरो समितीसमोरची साक्ष. तेव्हा ते २७ वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, सभागृहात फक्त मतांचं, विचारांचं प्रतिनिधित्व होऊन भागत नाही. माणसंही तिथे प्रत्यक्ष असावी लागतात. तुमच्या भल्याचं दुसरा कुणी बोलेल, हे पुरेसं नाही. पुढे १९२८ ला सायमन कमिशनसमोर त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. शिकलेल्या मंडळींपैकीही अनेकांना तेव्हा ही मागणी घाईची वाटत होती. अडाणी माणसाला मत काय कळतं, हा युक्तिवाद. आजही तो ऐकू येतो, फक्त शब्द बदललेत.

आता पुन्हा औंधकडे येऊ, कारण इथे इतिहासाने गंमत केली आहे. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपला अधिकार प्रजेला देणारी राज्यघटना जाहीर केली. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी खटपट केली, महात्मा गांधींनी सल्ला दिला. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं. गावाने पंचायत निवडायची, तिच्यावर तालुक्याची समिती, तिच्यावर विधिमंडळ. १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि प्रयोग संपला. पण ज्या घराण्याचं आडनावच 'राजाचा प्रतिनिधी' होतं, त्या घराण्याने लोकांच्या प्रतिनिधींसाठी खुर्ची सोडली. देशाची घटना यायला तेव्हा ११ वर्षं बाकी होती.

पुढचं आपल्याला शाळेत शिकवलंय. १९५० ला घटना लागू झाली, १९५१-५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, मतदार १७ कोटींच्या वर. त्यातही सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं घ्यायला नकार दिला. कठोर वाटतं, पण मत हे कुणाच्या बायकोला नसतं, ते एका स्वतंत्र माणसाला असतं, हा त्यामागचा नियम होता. पुढच्या निवडणुकांत बायकांनी नावं सांगितली.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आणि आराखडा वसंतराव नाईक समितीचा. यातून नेत्यांची अख्खी फळी तयार झाली. आधी झेडपी मेंबर, मग सभापती, मग आमदार, ही शिडी तिथूनची.

पण इथेच ती गोष्ट घडली जी आज कुणाला आठवत नाही. जिल्हा परिषदेच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ ला झाल्या. चौथी १९७९ ला. आणि पाचवी? थेट १९९२ ला. मध्ये १३ वर्षं! आधी मुदतवाढी झाल्या, मग प्रशासक आले. कायद्यात पळवाट होती आणि सत्तेवर बसलेल्याला खाली दुसरं सत्ताकेंद्र नकोच असतं. झेडपीचा अध्यक्ष मोठा झाला की आमदाराची झोप उडते, हे तेव्हाही खरं होतं.

असं जवळपास सगळ्या देशात चाललं होतं. म्हणून ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. राजीव गांधींच्या काळातलं आधीचं विधेयक १९८९ ला राज्यसभेत पडलं होतं. नरसिंह राव सरकारच्या काळात डिसेंबर १९९२ मध्ये नवी विधेयकं मंजूर झाली आणि १९९३ ला अमलात आली. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत. कलम २४३-ई पंचायतींसाठी, २४३-यू नगरपालिकांसाठी. पहिल्या सभेच्या तारखेपासून पाच वर्षं, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि नवी निवडणूक ही मुदत संपायच्या आत पूर्ण झाली पाहिजे. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं की वेळेत निवडणूक घेणं ही आयोगाची घटनात्मक जबाबदारी आहे.

इतकं लेखी असताना आपल्याकडे काय झालं? छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली. बहुतेक नगरपरिषदांची २०२१-२२ च्या आसपास. मुंबई महापालिकेची मार्च २०२२ ला. त्याच सुमारास २५ जिल्हा परिषदांची. आधी कोरोना, ते समजू शकतो. मग ओबीसी आरक्षण. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी आयोग नेमा, माहिती गोळा करा, मग आरक्षण ठरवा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नको. माहिती वेळेत गोळा झाली नाही. मग प्रभागांचा खेळ. महाविकास आघाडी सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारने पुन्हा २२७. नगराध्यक्ष २०१६ ला थेट जनतेतून, २०२० च्या निर्णयाने नगरसेवकांतून, २०२२ ला परत जनतेतून. ऑगस्ट २०२२ ला न्यायालयाने 'जैसे थे' सांगितलं आणि गाडं रुतलं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. चार महिने सांगितले होते, मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ झाली.

यात एकाच पक्षाला धरून चालणार नाही. या काळात दोन्ही बाजूंची सरकारं होऊन गेली. रस्त्यावर उतरून 'आमच्या पालिकेची निवडणूक घ्या' म्हणणारा मोर्चा तुम्ही किती पाहिलात? घटनेने मुदत लिहिली, पण मुदत मोडणाऱ्याला शिक्षा लिहिलेली नाही. कोर्टात जाणं, एवढाच मार्ग.

आता टपरीवरच्या त्या वाक्याकडे. प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार त्याच्याकडे, स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडे. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अमलात आणणारा तोच. आम्हा बातमीदारांना हे फार जवळून दिसलं. सभागृह चालू असताना विरोधी नगरसेवक ओरडायचा, निविदेचे कागद फडकवायचा. त्याचा हेतू शुद्ध असेलच असं नाही, पण कागद बाहेर यायचा. या चार वर्षांत भांडणं थांबली हे खरं. पण भांडणाबरोबर बाहेर येणारे कागदही थांबले. कारभार स्वच्छ झाला की नुसता शांत झाला, हे सांगायला सभागृहात कुणी नव्हतं.

आणखी एक हिशेब करा. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. चार वर्षं त्या जागाच नव्हत्या. २०१७ ला ज्याला १८ वं लागलं, त्याने नगरपरिषदेसाठी पहिलं मत २६ व्या वर्षी दिलं. आणि संभाजीनगरकरांनी २०१५ नंतर थेट २०२६ ला महापालिकेसाठी मतदान केलं. बाबासाहेबांचा १९१९ चा मुद्दा इथे लागू होतो. अधिकारी तुमच्या भल्याचं करेलही, पण तुम्ही तिथे नसता.

अधिकाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. काहींनी खरंच चांगलं काम केलं. पण त्यांची बदली मुंबईतून होते, तुमच्या वॉर्डातून नाही. त्यांचं तोंड वरच राहणार. नगरसेवक भ्रष्ट निघाला तर त्याला घरी बसवायची एक तारीख तुमच्या हातात असते. त्या तारखेला तुम्ही पाचशेची नोट घेऊन मत देत असाल, तर तो दोष निवडणूक या पद्धतीचा नाही. तो आपला आहे, आणि तो दुसऱ्या कुणाच्या नेमणुकीने जाणार नाही.

म्हणून एक छोटं काम सांगतो. तुमच्या नगरपरिषदेची किंवा महापालिकेची पहिली सभा कोणत्या तारखेला झाली, ते विचारून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यात पाच वर्षं मिळवा. त्या तारखेच्या आत पुढची निवडणूक झालीच पाहिजे. सहा महिने आधी प्रभागरचनेचा घोळ सुरू झालेला दिसला, तर तेव्हाच ओरडायला सुरुवात करा. गेल्या वेळी आपण ओरडलो नाही, म्हणून चार वर्षं गेली.